बोर्डामागचा पाइप

माझं आणि माझ्या नणंदेचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांच्या बाजूनं तोंड सोडणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की घरचीच बाई आहे, बोलणारच. आमच्यात विस्तव जात नव्हता. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी ठण ठण ठण असा आवाज झाला आणि मी दचकून उठून बसले. आमचे हे पडल्या पडल्याच म्हणाले, "ताई आहे. तू पण एकदा वाजव, म्हणजे गप्प बसेल." काय वाजवू, कशावर वाजवू? मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. थोड्या वेळानं ताई सरळ आत आल्या, माझं पांघरूण बाजूला केलं आणि माझ्या नाकाशी हात धरून बघायला लागल्या. "जिवंत आहेस ना? मग वाजवायला काय झालं?" अशी आमची पहिली नीट ओळख.

ओट्याच्या कोपऱ्यात एक जाड लोखंडी पाइप होता. तळमजल्यावरच्या पंपापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातून सरळ वर गेलेला. ताई रोज कामावर निघायच्या आधी उलथन्याच्या दांड्यानं त्याला बडवायच्या. मग ज्यानं त्यानं आपापल्या खोलीतून एक ठोका परत द्यायचा. त्या ठोक्याचा अर्थ, मी उठलोय, बरा आहे, तुम्ही जा कामाला. ज्याचा ठोका आला नाही त्याच्या दारात ताई हजर. कुणी चमच्यानं वाजवायचं, कुणी किल्लीनं, आणि नुसत्या आवाजावरून ताईंना माणूस कळायचा. सगळी इमारत त्यांना ठणठणताई म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

हे खूळ उगाच डोक्यात शिरलेलं नव्हतं. ती इमारत कुणाचीच नव्हती. मालक वारला, वारस कोर्टात भांडत बसले आणि पालिकेनं कानावर हात ठेवले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली ती तिथंच राहिली, आत कुणाची तरी छत्री राहिली होती, ती सुद्धा. जिन्यात दिवा नाही, कठड्याला हात लावायची सोय नाही. ज्यांना जमलं ते निघून गेले. उरली ती एकएकटी माणसं, आणि आमच्यासारखी, ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता. त्यांत एक म्हातारा पहारेकरी होता. तो खोलीत मरून पडला आणि आम्ही सगळे त्याच्या दारावरून येत-जात राहिलो. वास यायला लागला तेव्हा उंदीर मेला असेल म्हणून कुणीतरी जिन्यात फिनेल ओतलं. ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होत्या. दार फोडल्यावर त्याच्यावर चादर त्यांनी घातली. दुसऱ्या दिवसापासून पाइप वाजायला लागला.

आई-वडील लवकर गेले, म्हणून ताईंनी आमच्या ह्यांना हाताखाली वाढवलं, आणि त्यात त्यांचं लग्नाचं राहून गेलं. एवढी एक गोष्ट त्यांनी मला कधी ऐकवली नाही, बाकी सगळं ऐकवलं. दिवसभर लोकांच्या चादरी धुऊन त्यांच्या हातांची सालं निघायची, पण आमच्या खोलीत आल्या की आधी फडताळावरून बोट फिरवणार, धूळ किती आहे ते बघायला. मला मिरची म्हणायच्या. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणायचे, ते राहू दे.

आणि मग एक दिवस पालिकेला जाग आली. इमारत ताब्यात घेणार, नीट करणार, आणि तिथं तात्पुरती घरं काढणार. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांनी इथं यायचं, पायावर उभं राहायचं आणि पुढं जायचं. कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. जी माणसं पुढं तिथं राहायला आली त्यांच्यावरही माझा राग नाही. रस्त्यावर लेकरू घेऊन झोपलेल्या बाईला खोली मिळाली तर माझ्या पोटात का दुखावं? माझा राग निराळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

आम्ही दोघं ह्यांच्या कारखान्याजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिलो. जुन्या माणसांपैकी एकटे असलेल्यांना काम पुरं झाल्यावर परत घेणार होते. बाकीचे इकडेतिकडे पांगले होते, परत आले ते मोजके. ताई, तळमजल्यावरची शिवणवाली आणि तिसऱ्या मजल्यावरचे बँडवाले. ज्या खोलीत ताई जन्मल्या तीच खोली पालिकेनं त्यांना तात्पुरती म्हणून राहायला दिली, आणि वर उपकार केल्यासारखा फोटो काढला. त्या फोटोत ताईंच्या कपाळावर जी आठी आहे, ती मी ओळखते. ती माझ्या फडताळावर धूळ सापडल्यावर पडायची.

बँडवाले म्हणजे समारंभांतून ट्रम्पेट वाजवणारा माणूस. पुढचे दात पडले आणि वाजवणं सुटलं. ट्रम्पेट विकून टाकला, पण त्याचं पितळी तोंड तेवढं काढून खिशात ठेवलं होतं. जुन्या इमारतीत रोज त्यानंच पाइपवर ठोका द्यायचे, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांपेक्षा गोड यायचा. ते आणि ताई एकाच जिन्यात खेळून मोठे झालेले, एकमेकांना अरे-तुरे करायचे. लोक काहीबाही बोलायचे. मी सुद्धा एकदा गमतीत बोलले, तर ताईंनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

नवी इमारत बघायला आम्ही गेलो तर ओळखूच येईना. फरशी गुळगुळीत, जिन्यात पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागतो. भिंती अशा केलेल्या की शेजारी कुणी रडलं तरी ऐकू जायचं नाही. हे सगळं व्यवस्थापकबाईंनी फिरून दाखवलं. बाई चांगल्या घरातल्या वाटायच्या, बोलणं गोड, कुणावर आवाज चढवणार नाहीत. ओट्याच्या कोपऱ्यातला पाइप गेला होता. तिथं वरपासून खालपर्यंत पांढरा बोर्ड ठोकलेला, आणि बोर्डाच्या बाजूला छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी एक लाल दोरी.

बाईंनी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. पडलात, चक्कर आली, काही झालं तर दोरी ओढायची. आमचा माणूस लगेच येईल. मग तुमची तपासणी होईल, आणि एकटं राहणं जमत नाही असं दिसलं तर तुमची सोय दुसरीकडे केली जाईल.

ही सोय काय असते ते सगळ्यांना लवकरच कळलं. शिवणवालीला एका दुपारी चक्कर आली. ती भोळी, तिनं दोरी ओढली. माणूस खरंच लगेच आला. पण आठवडा व्हायच्या आत तिला शहराबाहेरच्या कुठल्याशा मोठ्या दालनात नेलं, जिथं खाटेला खाट लावून म्हातारी माणसं ठेवतात. शिवणयंत्र न्यायला जागा नाही म्हणून ते इथंच राहिलं. तिच्या खोलीत नवं कुटुंब आलं, ते यंत्रावर कपडे वाळत घालायला लागलं. त्यानंतर त्या इमारतीत लाल दोरीला कुणी हात लावला नाही. केर काढताना सुद्धा तिला वळसा घालायचे.

ताईंना झोप लागेना. सकाळी उठायचं, उलथनं हातात घ्यायचं आणि वाजवायचं कशावर? एक दिवस त्यांनी सहज बोर्डावर टकटक केली आणि आतून ओळखीचा आवाज आला. ठेकेदारानं पाइप काढलाच नव्हता. काढायचा त्रास नको म्हणून होता तिथंच ठेवून वरून बोर्ड मारला होता. पालिकेच्या तोंडाला पानं पुसली बेट्यानं, आणि त्याच्या त्या लबाडीमुळे ताईंचं भलं झालं. भाजीच्या सुरीनं त्यांनी बोर्डाला खाली जमिनीलगत हात जाईल एवढं भोक पाडलं आणि त्यापुढं पिठाचा डबा ठेवला. मग वर जाऊन बँडवाल्यांच्या खोलीतही तसंच भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी खालून ठण ठण ठण, वरून ठण. हळूहळू नव्या माणसांपैकी पण दोघातिघांनी बोर्ड कापले.

मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारामागच्या नियमांत ठळक लिहिलेलं होतं की भिंतीची मोडतोड केली तर खोली जाईल. मी फोनवर म्हटलं, "ताई, तुम्हाला बाहेर काढलं तर कुठं जाणार आहात?"

"घाबरू नकोस मिरची, तुझ्या दारात नाही येणार."

"मी तसं कुठं म्हटलं?"

"मनात तेच होतं ना?"

मनात तेच होतं. एका खोलीत आम्ही दोघं, त्यात तिसऱ्या ताई, म्हणजे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला कायमचं माणूस. मी रागानं फोन ठेवला.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बँडवाल्यांचा ठोका आला नाही. आदल्या दिवशी आला होता, त्याच्याही आदल्या दिवशी आला होता. ताई तशाच वर गेल्या आणि दार बडवायला लागल्या. बाई किल्ली घेऊन आल्या, पण उघडेनात. रहिवाशाच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे म्हणे. ताईंनी त्यांच्या हातातली किल्ली हिसकावून घेतली आणि दार उघडलं.

बँडवाले ओट्याच्या कोपऱ्यात जमिनीवर पडलेले होते. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ सुकून फुटलेले, अंगावरचे कपडे खराब झालेले. भोकापुढचा डबा बाजूला सारलेला होता आणि ट्रम्पेटचं पितळी तोंड मुठीत होतं. लाल दोरी त्यांच्या मनगटाला टेकलेली होती.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हा माणूस निदान दोन-तीन दिवस असाच पडून होता. ताई त्यांना म्हणाल्या, असं कसं होईल, कालच तर त्यानं वाजवलं. आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. जमिनीवर पडल्या पडल्या, मोडलेल्या हाडानं, तो माणूस रोज सकाळी हात लांब करून ठोका देत होता. मी बरा आहे. तुम्ही जा कामाला.

शुद्धीवर आल्यावर बँडवाल्यांनी ताईंना पहिलं काय विचारलं असेल? "मी वाजवलं ना रोज?"

"वाजवलंस," ताई म्हणाल्या. "माझ्याशी खोटं का वाजवलंस रे?"

"तुला कळलं असतं तर तू आरडाओरडा केला असतास. बाई आल्या असत्या. मग माझी सोय झाली असती." मग म्हणाले, "मला वाटलं, जरा पडून राहिलो तर उठता येईल."

ते त्या इस्पितळातून परत आले नाहीत. त्यांच्यावर घातलेली चादर ताईंच्याच खात्यातून धुऊन आलेली होती.

ताईंनी हे सगळं मला आमच्या खोलीत ओट्यापाशी बसून सांगितलं, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. रडले ते मी, आणि तेही रागानं. जुनी इमारत मोडकी होती, अंधारी होती, जिन्यात पाय घसरायचा. पण तिथं पाइपवर कुणी कधी खोटं वाजवलं नाही. कशाला वाजवेल? पडलेला सापडला तर त्याला काय मिळायचं, तर गरम पाणी, दोन घास आणि ताईंच्या शिव्या. इथं पडलेला सापडला की खोली जायची. पालिकेनं फरशी घातली, दिवे लावले, दोरी टांगली, आणि माणसाला पडल्याचं लपवायला शिकवलं. काय जाळायची आहे ती फरशी?

बोर्डाचं भोक अर्थातच बाहेर आलं. ताईंना पालिकेच्या कचेरीत बोलावलं. आम्ही दोघं बरोबर गेलो. तिथले साहेब तरुण होते, आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही त्या पाइपवर विसंबून राहिलात, म्हणून उशीर झाला. आमची व्यवस्था वापरली असती तर तो माणूस आज जिवंत असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तुमची व्यवस्था त्यांच्या मनगटाला टेकलेली होती," मी म्हटलं. "त्यांनी का नाही ओढली, ते तरी विचाराल का कुणाला?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

"शिवणवालीला विचारा. कुठं टाकलंय तिला ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"वहिनी, आवाज वाढवून उपयोग नाही."

"मी तुमची वहिनी नाही. आणि आवाज वाढवला नाही तर तुमच्या भिंतींतून काही ऐकू येत नाही."

आमचे हे दिलेलं पाणी घोट घोट पीत बसले होते. ताईंकडे बघितलं तर त्या आपल्या हातांच्या सालांकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, आता ह्या उठतील आणि साहेबाच्या टेबलावर धूळ आहे का ते बघतील. साहेबांनी सांगितलं की ह्या वेळी समज देऊन सोडतो, खोली राहील, मात्र भोक बुजवलं जाईल आणि पुन्हा असं करायचं नाही. आणि पुढच्या पाहणीत ताई एकट्या राहू शकतात का, तेही बघितलं जाईल. वय झालंय ना त्यांचं.

"बुजवा," ताई म्हणाल्या.

इतकंच. मला त्या माणसापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. आयुष्यभर मला घालून पाडून बोलणारी बाई, आणि जिथं बोलायचं तिथं शेपूट घातलं. बाहेर आल्यावर मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्यावर विसंबून राहिला तो. साहेब खोटं नाही बोलला." मग पुढं चालायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी माणसं आली आणि सगळ्या खोल्यांतले बोर्ड बदलून गेली. ह्या वेळी पाइपसुद्धा कापून नेला म्हणे. ठेकेदारही नवा होता.

त्यानंतर मी रोज सकाळी ताईंना फोन करायला लागले. मायेनं नाही, सांगते ना, आमचं पटत नाही. पण सकाळ झाली की माझाच हात शिवशिवायचा. "बऱ्या आहात ना?" "बरी आहे." "जेवताय ना?" "जेवतेय. ठेव आता, कामावर जायचंय." रोज तेच, त्याच आवाजात, आणि मी आपली फोन ठेवून निर्धास्त भांडी घासायला बसायची.

परवा सकाळी असाच फोन झाला. "बरी आहे." मी भांडी घेतली. एका ताटलीवर चमचा पडला, ठण झालं, आणि मी नळ बंद केला. काल बरी आहे, परवा बरी आहे, सगळं एकासारखं एक. ताईंना पाहणीत पास व्हायचंय. आणि मी शहाणी, रोज विचारते कुणाला, तर त्यांनाच.

भांडी तशीच टाकली आणि निघाले. दोन बस बदलून पोचले. दार वाजवलं तर उघडायला केवढा वेळ लागला. आतून भिंतीला धरून धरून येत असल्याचा आवाज येत होता, म्हणजे मला वाटलं तरी तसं, त्या भिंतींतून काय कळणार. दार उघडलं. ताईंच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत उशीचा अभ्रा गुंडाळलेला होता. अभ्रा ओला, पिवळट. धुलाईखात्यातल्या उकळत्या पाण्यानं भाजलेलं, आणि त्यालाही तीन-चार दिवस होऊन गेलेले असणार. चेहरा तापानं लाल झालेला. ओट्यावर न धुतलेलं एक भांडं, बाकी घास शिजवल्याची खूण नाही. कामावर तर त्या गेलेल्याच नव्हत्या.

"अगं तू कशी काय? मी बरी आहे," ताई म्हणाल्या. तोच आवाज.

"ताई, माझ्याशी तरी खोटं वाजवू नका."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग दाराला टेकल्या आणि हळूच खाली बसल्या. "बरी नाहीये गं मी," म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मी चप्पल काढली, दार आतून लावलं, आणि पाणी तापत ठेवलं. रिक्षा बोलवायची, त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे न्यायचं, मागच्या जिन्यानं, म्हणजे बाईंना दिसणार नाही. आणि मग परत इथंच आणायचं, हात बरा होईपर्यंत मी राहायचं. पाहुण्यांनी मुक्काम करायला परवानगी लागते, असं दारामागच्या नियमांत लिहिलंय. लागू दे.